कल्पित गावातल्या गल्ल्यांना गमतीदार नावं द्यावीत का?

गंजगोलाईकर: मुलांसाठी गोष्ट लिहितोय. गाव मनातलं, उंबरगंज, मराठवाड्यातलं तालुक्याचं. रस्त्यांची नावं अशी: फुलपाखरू पथ, गुदगुल्या बोळ, ढगांची गल्ली, उधारी चौक. कशी वाटतात?

पळसपान: उधारी चौक सोडून बाकी सगळी खोडा. बिल्डरच्या जाहिरातीतली वाटतात. गावात नाव पडतं ते तक्रारीतून. नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं 'घागर मोड' आपसूक होतो.

हुरडापार्टी: कामून बरं? मराठवाडा म्हटलं की घागर, टँकर, उधारी एवढंच का? 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते बातम्यांत पुष्कळ झालं. पोरांना गोष्टीत तरी ढग मिळू द्या.

पळसपान: ढगाला ना नाही हो. पण तो गल्लीत शिरला कसा, ते सांगा. संभाजीनगरात लोटा कारंजा, मछली खडक, रंगीन दरवाजा आहेत. गंमत करू म्हणून कुणी बसलं असेल असं वाटत नाही.

एन_सात: आम्ही तिथलेच सिडकोवाले, वस्त्यांना नुसतं एन-एक, एन-दोन म्हणत वाढलो. मला गुदगुल्या बोळसुद्धा चालेल.

गंजगोलाईकर: मग उंबरगंज आमच्या लातूरच्या गंजगोलाईसारखं गोल करतो. मधे बाजार, भोवती 16 रस्ते, सोन्याचा वेगळा, चपलांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा. मिरचीकडच्या तोंडाला 'शिंक रस्ता'?

पळसपान: हां! हे झालं नाव.

बोरीबाभळी: खरं-खरं करता करता एक विसरू नका. आपल्याकडं कितीतरी गल्ल्या जातीच्या नावानं ओळखल्या जातात. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची अशी नावं बदलायचं ठरवलं, पण तोंडातून जुनंच निघतं. पोरानं शाळेत पत्ता सांगितला की पुढं काही विचारायची गरजच उरत नाही. शिंक रस्त्यावरच्या पोराचं तसं होत नाही. मला गमतीच्या नावात एवढं एकच काम दिसतं, पण ते मोठं आहे.

पळसपान: पटलं, पण अर्धंच. पाटी बदलली म्हणून पाणवठा बदलतो का? गोष्टीत जात लपवली तर गाव खोटं पडेल.

बोरीबाभळी: लपवा कोण म्हणतंय? मोठ्यांच्या तोंडी जुनं नाव राहू द्या, पोरांच्या तोंडी नवं. त्यावरून घरात भांडण होऊ द्या की.

हुरडापार्टी: भांडण चालेल. मिरचीशेजारी गूळ आहे ना, त्याला 'माशी रस्ता' म्हणू नका म्हणजे झालं.