वारलेल्या माणसाचा फोन उघडायचा हक्क घरच्यांना असावा की नसावा?

कृष्णाकाठ :
बाबा जाऊन आता पाच महिने होतील. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर पूर्णवेळ शेती. शेवटची तीन-चार वर्षं त्यांना नाद लागला होता, सकाळी शेतात चालता चालता फोनवर बोलून रेकॉर्ड करायचे. कुठल्या तुकड्याला काय म्हणतात, विहीर कुणी खणली, कुठला बांध कधी सरकला, आजोबांच्या वेळी पाण्याच्या पाळ्या कशा लावायचे असलं सगळं. आम्ही कुणी नीट ऐकलं नाही, म्हटलं बाबा आहेत की, ऐकू निवांत. ते गेले आणि फोनला सहा आकडी पिन, कुणालाच माहीत नाही.

जन्मतारीख टाकली, गाडीचा नंबर टाकला, लग्नाची तारीख टाकली, दर चुकीला थांबायचा वेळ वाढत गेला. मग तालुक्याला एका मोबाइलच्या दुकानात दिला, तो म्हणाला लॉक तोडून देतो, आठशे रुपये. डेटाचं विचारलं तर म्हणाला बघू. संध्याकाळी हातात आला तर नव्यासारखा, भाषा निवडा म्हणून विचारतोय आणि पुढे जुनं जीमेल मागतोय. सगळं गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दिले की बँक पैसे देते, पोस्ट देतं, सातबाऱ्यावर वारस नोंद होते. मग फोनलाच काय सोनं लागलंय? कागद घ्या, खात्री करा आणि उघडून द्या, असा कायदाच पाहिजे.

बिटबाइट :
वाचून फार वाईट वाटलं. तरी मागणीशी सहमत नाही.
फोनमधलं सगळं सांकेतिक करून ठेवलेलं असतं आणि ते उलगडायची किल्ली तुमचा पिन आणि चिपमध्ये बसवलेला एक गुप्त आकडा मिळून तयार होते. कंपनीच्या ऑफिसात ती कुठे टांगलेली नसते, त्यामुळे दाखला घेऊन गेलात तरी द्यायला त्यांच्याकडे काही नसतं. अँड्रॉइड १० आल्यापासूनचे नवे फोन सगळे असेच. रिसेट मारला की किल्लीच पुसली जाते, म्हणजे त्या दुकानदाराने फोन वाचवला आणि बाबांचा आवाज घालवला. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

आता म्हणाल कायद्याने दुसरी किल्ली ठेवायला लावा. अमेरिकेत हेच भांडण झालंय. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोला गोळीबार झाला, हल्लेखोराचा आयफोन ५सी उघडायला एफबीआयने, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने, कोर्टाची ऑर्डर आणली, अॅपलने तसं सॉफ्टवेअर बनवायला नकार दिला, शेवटी मार्च २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरच्या कुणाकडून तरी तो उघडून घेतला. अॅपलचा मुद्दा हाच होता की एका फोनसाठी बनवलेली वाट सगळ्या फोनना लागू होते. तुमच्यासाठी ठेवलेल्या दारातून उद्या चोर येईल, संशयी नवरा येईल, ज्याच्या हातात सत्ता तो येईल.

अंगणातली :
बिटबाइट, तुमचं खरं असेल पण माझ्यावर आलेली वेळ सांगते. आईला स्ट्रोक आला, आयसीयूमध्ये बेशुद्ध. मेडिक्लेमची पॉलिसी, जुने रिपोर्ट, कुठल्या गोळ्या चालू, सगळं तिच्या फोनमध्ये. पहिल्या दिवशी मी तिचा अंगठा लावून फोन उघडला, नर्ससमोर लाज वाटली तरी लावला. औषधांचे फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी चार्जिंग संपून फोन बंद पडला, चालू केला तर अंगठा घेईना, म्हणतो पिनच टाका, रीस्टार्टनंतर तसंच असतं म्हणे. पॉलिसीचा नंबर शोधायला आम्ही तीन दिवस घरातली कपाटं उपसली. ती जिवंत होती, मी तिची मुलगी, आणि चोराला आणि मला फोनने एकच वागणूक दिली. हे बरोबर आहे का?

चाफा :
अंगणातली ताई, तुमच्या आईचं समजू शकते. कृष्णाकाठ यांच्या बाबांचे आवाज गेले याचंही मनापासून वाईट वाटतं. पण वारस म्हणून हक्क नकोच.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. सासरी तिला काय त्रास होता ते ती मला रोज रात्री लिहायची आणि तिकडून लगेच डिलीट करायची, पण फोटो, नोट्स, एक-दोन मैत्रिणींशी बोलणं फोनमध्ये होतंच. ती गेल्यावर आठ दिवसांत सासरच्यांनी फोन उघडायची खटपट सुरू केली. कायद्याने पहिला वारस नवराच ना? तुमच्या नियमाने दाखला घेऊन तोच गेला असता. फोन उघडला नाही म्हणून तिच्या दोन मैत्रिणी वाचल्या, त्यांनी स्वतःच्या घरातलं जे तिला विश्वासाने सांगितलं होतं ते बाहेर आलं नाही. जमीन वारसाकडे जाते ते ठीक आहे, जमिनीने कुणाचं गुपित ऐकलेलं नसतं.

काळाकोट :
चाफा यांचा मुद्दा जर्मनीत अगदी असाच कोर्टात आला होता. २०१२ मध्ये बर्लिनला पंधरा वर्षांची मुलगी मेट्रोखाली गेली, अपघात की आत्महत्या हे आईवडिलांना कळेना, फेसबुक अकाउंट उघडून द्या म्हणाले. खालच्या कोर्टात एकदा जिंकले, मग अपिलात हरले, कारण समोरून बोलणाऱ्यांचीही गोपनीयता आहे. शेवटी १२ जुलै २०१८ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की डायरी आणि पत्रं जशी वारसांना मिळतात तसंच हेही मिळेल. म्हणजे कृष्णाकाठ यांची मागणी वेडगळ नाही. मात्र तो निकाल अकाउंटबद्दल होता जे कंपनीच्या सर्व्हरवर असतं. हातातल्या लॉक फोनचं गणित वेगळं.

आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, कलम १४ मध्ये, नॉमिनी नेमायची सोय आहे, माणूस गेला किंवा अक्षम झाला तर त्याच्या वतीने हक्क वापरायला. त्यात फोनचं कुलूप उघडून देणं कुठे लिहिलेलं नाही. आणि मृत्युपत्रात हे घालणार असाल तर कागदावर सही-साक्षीदारांसहच करा, मेलवर किंवा पीडीएफमध्ये केलेलं चालत नाही, आयटी कायद्याने मृत्युपत्र बाहेरच ठेवलंय.

सोल्डरवाला :
मी नागपूरला रिपेरिंग करतो, बारा वर्षं झाली. भांडण तुमचं चालू द्या, मी कामाचं सांगतो कारण लोकं माझ्याकडे रडत येतात आणि उशीर झालेला असतो.

पाण्यात पडलेला, आतला सर्किट बोर्ड उडालेला फोन असेल आणि पिन माहीत असेल तर बोर्ड तात्पुरता उठवून डेटा निघतो बऱ्याचदा. पिन माहीत नसेल तर बोर्ड ठीक होऊनही उपयोग नाही. मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका, तसंच काढून ठेवा, फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनेपण पुष्कळ परत येतं. जुन्या हार्ड डिस्कचं निघतं, खटखट आवाज करत असेल तर चालूच करू नका. एसएसडीवरून, म्हणजे नव्या कॉम्प्युटरमधल्या चिपवाल्या डिस्कवरून, डिलीट झालेलं मात्र सहसा नाही, ती स्वतःच मागे साफ करत जाते. आणि रिसेट झालेला आजचा फोन, त्यातून काढून देतो म्हणणारा तुमचे पैसे घेतोय, एवढं नक्की.

कृष्णाकाठ भाऊ, एक विचारतो, बाबांचं सिम चालू ठेवलं का? सगळ्यात मोठी चूक लोकं तिथेच करतात, गेलेल्या माणसाला रिचार्ज कशाला म्हणून सोडून देतात, नंबर बंद होऊन नव्वद दिवस गेले की तो दुसऱ्याला मिळू शकतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. व्हॉट्सअॅपचा बॅकअप परत आणायला तोच नंबर आणि तेच गुगल अकाउंट लागतं. ते आधी बघा.

कृष्णाकाठ :
सिम आईने चालू ठेवलंय, बाबांचा नंबर बंद करू देईना म्हणून. काळाकोट, जर्मनीचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

चाफा ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी फक्त माझ्या बाबांचा विचार करत होतो, नवरा वारस असतो हे डोक्यातच आलं नाही. तरीपण माझ्या बाबांनी त्या रेकॉर्डिंग कुणापासून लपवायला केल्या नव्हत्या हो, आमच्यासाठीच केल्या होत्या आणि त्यांनी लावलेल्याच कुलपात अडकल्या.

बिटबाइट :
मग ज्याला द्यायचंय त्याने जिवंतपणी सांगावं, सोय आहे. गुगलमध्ये इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर २०१३ पासून आहे, अकाउंट किती महिने बंद राहिलं की कळवायचं ते ठरवता येतं, कमीत कमी तीन, आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात, कुणाला काय मिळेल तेही निवडता येतं. आयफोनला २०२१ च्या शेवटी लेगसी कॉन्टॅक्ट आलं, म्हणजे आपल्यामागे अकाउंट कुणाला उघडता येईल ते नाव आधीच देऊन ठेवायचं. त्यात आयक्लाउडवरचे फोटो, नोट्स मिळतात, साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. आणि गुगलचं पर्सनल अकाउंट दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसून टाकू शकतात, हे लक्षात ठेवा.

अंगणातली :
बिटबाइट, ही सोय माझ्या आईला सापडली असती का? सेटिंगच्या आत सेटिंग, सगळी नावं इंग्रजीत. बँकेत खातं उघडताना फॉर्मवरच नॉमिनीचा रकाना असतो, क्लार्क विचारतो, आपण नाव सांगतो. नवा फोन चालू करताना तो वायफाय विचारतो, अंगठा विचारतो, थीम विचारतो, मग तुमच्यामागे हा फोन कुणाचा हे का नाही विचारत, मराठीत, मोठ्या अक्षरात?

चाफा :
विचारावं. पण "कुणालाच नाही" हे उत्तरही तितक्याच मोठ्या अक्षरात असावं, आणि न विचारता वारसाचं नाव आपोआप येऊ नये. माझ्या बहिणीने कुणाचं नाव घातलं असतं मला माहीत आहे आणि ते नवऱ्याचं नव्हतं.

कृष्णाकाठ :
चार दिवसांनी लिहितोय. बाबांच्या तिकीट-हिशोबाच्या जुन्या डायरीत शेवटच्या पानावर जीमेलचा पासवर्ड सापडला, ओटीपी त्यांच्या सिमवर आला. फोटो मिळाले, पण गेल्या वर्षी पंधरा जीबी भरल्यावर पुढचे चढलेच नाहीत. रेकॉर्डिंग एकही नाही. मग आत्याचा फोन आला, म्हणाली दादाने मला व्हॉट्सअॅपवर दोन पाठवल्या होत्या. एक अकरा मिनिटांची, विहिरीची. मागे टिटवी ओरडतेय आणि बाबा मध्येच थांबून कुणाला तरी मोटर बंद कर म्हणतात. ती मी पाच ठिकाणी ठेवलीय.

सोल्डरवाला :
लय चांगलं झालं भाऊ. आता आईच्या फोनचं काय?

कृष्णाकाठ :
कालच बसलो होतो तिच्याजवळ. बिटबाइट यांनी सांगितलेलं ते उघडून, एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली, विचारलं कुणाचं नाव घालू. मला वाटलं माझं सांगेल. ती म्हणाली थोरल्या सुनेचं घाल. वाईट वाटलं, पण तिने सांगितलं तेच घातलं.