मदत हवी आहे: मायला अहिराणीत बोलण्याचा सराव कसा द्यावा?

राम राम मंडळी. माय ६४ वर्षांची, अमळनेर तालुक्यातलं खेडं. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. एमआरआयमध्ये मोठ्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात, ब्रोका क्षेत्रात (बोलणं घडवणारा भाग) इजा दिसली. लहान मेंदू, मस्तिष्कस्तंभ ठीक. गिळायला त्रास नाही. आमचं बोलणं सगळं समजतं, पण तोंडातून दोन-तीनच शब्द निघतात. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी मात्र शब्दांसकट म्हणते! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात सगळेच रडले.

वाचा-उपचार चालू आहेत, पण जळगावला जाणं आठवड्यातून एकदाच जमतं. तिथली वाक्यं प्रमाण मराठीत. माय जन्मभर अहिराणीच बोलली, वाचता येत नाही. मी इथे औषधांबद्दल विचारत नाही.

गाण्याच्या चालीवर रोजची अहिराणी वाक्यं बसवून घरी कोणी सराव घेतलाय का? सुरुवात किती शब्दांच्या वाक्यापासून केली?