गोव्याला इफ्फी मिळाला, नाशिकने काय मागावं?

गोदाकाठ
दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ चा पहिला चित्रपट त्यांनी मुंबईत केला, पण ‘मोहिनी भस्मासुर’पासून बिऱ्हाड नाशिकला हलवलं. त्यामुळे इथे चित्रनगरीची मागणी अधूनमधून निघतेच. माझा तिला विरोध आहे. आधी चांगलं बघायला जागा द्या.

गोव्याचंच घ्या. ऊन, समुद्र, जुनी चर्चेस, सगळं पूर्वीपासून होतं. हिंदीवाले यायचे, गाणी उरकायचे, जायचे. त्यातून गोव्याचा सिनेमा उभा राहिला नाही. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला आणि तिथली पोरं जगभरातला सिनेमा आपल्याच गावात बघायला लागली. २००९ मध्ये ‘पल्तडचो मनीस’ या कोकणी चित्रपटाला टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. हा निव्वळ योगायोग आहे असं मी मानत नाही.

सातपूरकर
साफ असहमत. इफ्फी नऊ दिवसांचा. उरलेलं वर्ष पणजीतला माणूस तेच बघतो जे आपण कॉलेज रोडला बघतो. बघून पोट भरत नाही, कामाने भरतं. चित्रनगरी आली तर सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, जेवणवाले, गाडीवाले, सगळ्यांना रोजगार मिळेल. आपल्या भागात हातांना काम नाही आणि तुम्ही टोरांटो सांगताय!

लाइटवाला
मी गोव्यात शूटिंगला लाइट विभागात काम केलंय, म्हणून लिहितो. समुद्रकिनाऱ्यावर भर दुपारी ऊन डोक्यावर येतं, नटाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. मग वर स्किमर, म्हणजे ऊन मऊ करणारं कापड, ताणायचा, खालून उजेड परतवायला थर्माकोल धरायचा, आणि वाऱ्याने स्किमर उडू नये म्हणून दोघातिघांनी धरून उभं राहायचं. ते उभे राहणारे आम्ही सगळे मुंबईहून गेलेलो. कॅमेरा, लाइट, जनरेटर मुंबईचे. गोव्याच्या माणसाला मिळायचं हॉटेल, टॅक्सी आणि होडीचं भाडं. पावसाळ्यात तेही बंद. सातपूरकर, नाशिकला तर मुंबई आणखी जवळ. युनिट सामान आणि माणसं घेऊनच येणार. इथल्या पोरांना आधी काम शिकवा, मग शेड बांधा.

सातपूरकर
शिकवायला तरी सेट लागेल की नाही? पोहायला शिकल्याशिवाय विहीर खणायची नाही, असं झालं हे. आणि गोदाकाठ, कोकणीचंच बोलायचं तर ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट विसरू नका. इफ्फीचं गाव असूनही त्यांना नेहमीची थिएटरं सोडून गावोगावच्या सभागृहांत खेळ लावावे लागले. मग उपयोग काय झाला महोत्सवाचा?

गोदाकाठ
अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं! सभागृहं होती म्हणून चित्रपट लोकांपर्यंत पोचला आणि लोकांनी गर्दी केली. आपल्याकडे कालिदास कलामंदिर आहे. शनिवार-रविवार नाटकांचेच राहू देत, त्यावर डोळा नाही. आठवड्यातला एक मधला दिवस सिनेमाला द्या.

पंचवटी_फिल्म
मागणी बरोबर आहे, पण नुसती तारीख मिळून भागत नाही. महोत्सवातला चित्रपट हार्ड डिस्कवर येतो. बहुतेकदा सोबत डिजिटल किल्ली असते, ती ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या सर्व्हरवरच चालते. त्यासाठी डीसीपी, म्हणजे थिएटरसाठी बनवलेली चित्रपटाची डिजिटल प्रत, चालवणारा प्रोजेक्टर लागतो. लॅपटॉप आणि कॉन्फरन्सचा प्रोजेक्टर जोडून चांगल्या छायाचित्रणाची माती करू नका, कळकळीने सांगतो. पैसा मागायचाच तर प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनी यांसाठी मागा. चित्रनगरीच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

सातपूरकर
प्रोजेक्टरला माझा विरोध नाही, तसं निवेदन काढलंत तर सही करतो. पण चित्रनगरीची मागणी मी सोडणार नाही. १९१८ च्या सुमारास फाळक्यांची हिंदुस्थान फिल्म्स कंपनी याच गावात चालत होती, माणसं इथे पगारावर होती. ते पुन्हा का होऊ नये?

लाइटवाला
होऊ शकतं. फक्त त्या निवेदनात तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं एक कलम घाला. लाइटचं शिकवायला मी रविवारी यायला तयार आहे.