हमालाला युनियन कशाला हवी?

हमालाची लेक:
परवा लग्नाच्या पंगतीत एक काका ठासून म्हणाले, "युनियनने मुंबईच्या गिरण्या खाल्ल्या." बाजूच्यांनी माना डोलावल्या. मला घास गिळवेना.

माझे वडील पुण्याच्या भुसार बाजारात हमाल होते. आधी नाना पेठ, मग मार्केट यार्ड. तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं. जितकी पोती उचलाल तितके पैसे, आणि कंबर धरली की चूल बंद. दाद कुणाकडे मागणार? आज या गाळ्यावर, उद्या त्या. प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नाही. बाबा आढावांची हमाल पंचायत ही संघटना, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी उभे केलेले माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम, माथाडी मंडळात भरायची. त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. एक मालक नसलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी! माझ्या नर्सिंगची फी त्याच फंडातून भरली गेली. हे कुणा शेठजींच्या दयेने झालेलं नाही.

भोसरीचा शॉपवाला:
ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण माझी बाजूही ऐका. बारा माणसांचं वर्कशॉप आहे. नवीन मशीन आलं, क्रेनने उतरवलं. गेटवर सहा-सातजण उभे, "आम्ही माथाडी, आमचे पैसे द्या." मशीनला एकानेही हात लावला नव्हता. ड्रायव्हर घाबरला, मी पैसे दिले. ही हमाली नाही, खंडणी आहे. आणि खऱ्या संघटना यावर पुरेसं बोलत नाहीत, हा माझा राग आहे.

लालबागकर:
गिरण्यांचं काका चुकीचं बोलले नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तो आजवर रीतसर मागेही घेतलेला नाही. बाबा गावी गेले, आईने खानावळ चालवली, ताईची शाळा सुटली. संपाचे नेते दत्ता सामंत, त्यांच्यावर बाबांचा शेवटपर्यंत विश्वास होता. माझा नाही. माघार कधी घ्यायची हे नेत्याला कळायला हवं होतं.

हमालाची लेक:
@शॉपवाला, ती खंडणीच आहे. पोलिसांत द्या. त्या टोळ्यांनी खऱ्या हमालाचंच नाव घालवलंय.

@लालबागकर, तुमच्या घराने जे सोसलं त्यावर मी काय बोलणार? एवढंच सांगते: १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, म्हणजे दुसऱ्याच युनियनला होता. कामगार सामंतांमागे, सहीचा हक्क भलत्याकडे. आपली युनियन निवडता आली असती तर संप इतका ताणला असता का?

लालबागकर:
कायदा आडवा आला, मान्य. पण तो कायदा संपाआधीही तसाच होता, आणि नेत्याला ठाऊक होता.

चाकणचा कंत्राटी:
तुम्ही जुनं बोलताय. मी त्याच लाइनवर, त्याच नट-बोल्टला, कायम कामगाराच्या निम्म्याहून कमी पगारात. दर काही महिन्यांनी नोकरीत ब्रेक. कंपनीत युनियन आहे, करार झाला की पेढे वाटतात. आम्हाला सभासदच करून घेत नाहीत. ताई, तुमच्या वडिलांना तरी हमालांच्या टोळीत घेणारं कुणी होतं.

हमालाची लेक:
याला माझ्याकडे उत्तर नाही, भाऊ. किती जण आहात तुम्ही त्या लाइनवर?

चाकणचा कंत्राटी:
आमच्या शिफ्टला चाळीस. कायम अकरा.