घरगुती प्रोपेलर बॅलन्सर: जड पाते दर वेळी बदलते, दोष दांडीत की चुंबकांत?

देवगड_सडा

सर्वांना नमस्कार. मी देवगड तालुक्यात राहतो आणि गावामागच्या सड्यावर दहा इंची प्रोपेलरची, विजेच्या मोटरवर चालणारी छोटी विमाने उडवतो. तयार बॅलन्सर (प्रोपेलरची पाती सारख्या वजनाची आहेत का, हे तपासायचे उपकरण) विकत घेण्याऐवजी तो घरीच करावा असे ठरवून मी जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधली 3 मिमी जाडीची, चुंबकाला चिकटणारी पोलादी दांडी घेतली आणि ती ड्रिल मशीनमध्ये फिरवत कानशीने तिची दोन्ही टोके निमुळती केली. सागवानी फळीवर दोन ठोकळे उभे करून त्यांत समोरासमोर निओडिमियमची चुंबके बसवली आहेत. दांडीचे एक टोक एका चुंबकाला टेकते, तर दुसरे टोक समोरच्या चुंबकापासून सुमारे 1 मिमी अंतरावर अधांतरी राहते. प्रोपेलर मधोमध धरण्यासाठी लागणारे दोन नायलॉनचे शंकू ट्रॉलरच्या इंजिनांची कामे करणाऱ्या टर्नरकडून करून घेतले.

अडचण अशी की, एकच प्रोपेलर काढून पुन्हा बसवला की कधी एक पाते जड दिसते, तर कधी दुसरे. शिवाय पाती आडवी स्थिर राहू लागली, तरी तोच प्रोपेलर उभा धरून सोडल्यास हमखास एका बाजूला कलतो. माझ्याकडे काही लाकडी प्रोपेलरही आहेत आणि उन्हाळ्यात तोललेले हे प्रोपेलर आषाढात पुन्हा बिघडलेले आढळतात. दोष उपकरणाचा की प्रोपेलरचा, हे ओळखायचे कसे?

लेथवाला_मालवण

पहिला प्रश्न उपकरणाचा आहे, त्यामुळे तूर्त प्रोपेलरला पॉलिश पेपर लावू नका. दांडीवर आणि प्रोपेलरच्या हबवर (पाती जोडणाऱ्या मधल्या जाड भागावर) मार्करने एकेक खूण करा आणि कोणते पाते खाली जाते ते पाहा. मग दांडी आणि शंकू जागच्या जागी ठेवून फक्त प्रोपेलर अर्धा फेरा फिरवून बसवा. पुन्हा तेच पाते खाली गेले, तर दोष प्रोपेलरचा. या वेळी दुसरे पाते खाली गेले, म्हणजे जडपणा दांडीवरच्या खुणेबरोबर राहिला, तर दांडी वाकडी आहे किंवा शंकूचे भोक मध्यातून सरकलेले आहे. ही चाचणी न करता घासलेला प्रोपेलर त्या एका बॅलन्सरपुरताच तोललेला असतो.

दुसरी गोष्ट टोकाची. चुंबकावरचा निकेलचा मुलामा पातळ असतो, त्यामुळे टोकदार दांडी टेकून टेकून तिथे बारीक खळगा पडतो आणि दांडी त्यात अडखळते. त्यातच चपट्या गोल चुंबकाची ओढ कडेला अधिक असल्याने टोक मध्यावरून कडेकडे सरकू पाहते. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासाठी वापरतात ती पातळ काच टोक टेकणाऱ्या चुंबकावर चिकटवा. कडक आणि गुळगुळीत पृष्ठभाग मिळाला की घर्षण जवळजवळ उरत नाही. टोक तेलाच्या दगडावर घासून भिंगाखाली तपासा, कारण कानशीने केलेले टोक डोळ्यांना टोकदार वाटले तरी बहुधा बोथटच असते.

दांडी गवंड्याच्या पाणसळीने समतल करून घ्या आणि पंखा, खिडक्या बंद ठेवा. आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बंद दाराच्या फटीतूनही पाते हलवतो, म्हणून हे काम सकाळी उरकलेले बरे. उपकरण पुरेसे संवेदनशील आहे की नाही, हे पाहण्यासाठी आडव्या स्थिर प्रोपेलरच्या एका टोकाला नखाएवढा सेलोटेपचा तुकडा लावा. तेवढ्याने ते पाते खाली गेले नाही, तर उपकरणावर आणखी काम हवे.

रत्नदुर्ग_आरसी

वरील उत्तराला आकड्यांची जोड देतो, कारण एवढी काटेकोरता कशासाठी, असे अनेकांना वाटते. मध्यापासून 10 सेंमी अंतरावर फक्त 0.1 ग्रॅम जास्तीचे असेल आणि प्रोपेलर मिनिटाला 9000 फेरे घेत असेल, तर मोटरच्या दांड्याला सुमारे 9 न्यूटन, म्हणजे जवळपास 900 ग्रॅम वजनाइतका ओढा बसतो आणि तो प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहतो. हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मंद गतीला काहीच जाणवत नाही आणि पूर्ण गतीला मोटरचे स्क्रू ढिले होतात.

मात्र बॅलन्सरवर जीव ओतण्यापूर्वी हबचे भोक मोजा. भोक 6.35 मिमी आणि मोटरचा अडॅप्टर (ज्यावर प्रोपेलर बसतो तो जोड-दांडा) 6 मिमी असेल, तर प्रोपेलर 0.17 मिमीपर्यंत एका बाजूला सरकून आवळला जाऊ शकतो. 20 ग्रॅमच्या प्रोपेलरसाठी ही चूक मध्यापासून 10 सेंमीवर सुमारे 0.034 ग्रॅम लावण्याइतकी ठरते. बॅलन्सरवर शंकू प्रोपेलरला नेमके मध्यावर धरतो, पण विमानावर तो मध्यावर राहत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. प्रोपेलरसोबत मिळणारी योग्य मापाची कडी भोकात बसवूनच तो आवळावा.

देवगड_सडा

दोघांचेही आभार. खुणांची चाचणी केली. जडपणा दांडीबरोबरच राहतो आणि सपाट काचेवर दांडी घरंगळवली असता ती मध्ये किंचित उचललेली दिसते. नवी दांडी घेतो. हबच्या कलण्याविषयी आणि लाकडी प्रोपेलरविषयी कृपया सांगावे.

खाडीकाठ

प्रोपेलर उभा धरल्यावर कलतो याचा अर्थ हबची एक बाजू जड आहे. तो कलतो ती बाजू खुणेने नोंदवा, मग वरचे पाते खाली करून पुन्हा सोडा. दोन्ही वेळा हबची तीच बाजू खाली गेली, तर निदान पक्के. हलक्या बाजूला हबवर इपॉक्सीचा थेंब लावून तो वाळू द्यावा. हबची त्रिज्या लहान असल्याने इथे थोडे अधिक वजन लागते. हबला घासणे मी टाळतो, कारण सगळा ताण तिथेच एकवटतो.

पाते हलके करायचे असल्यास जड पात्याच्या मागच्या अंगाला, टोकाकडच्या निम्म्या भागात बारीक पॉलिश पेपर फिरवावा. पुढच्या धारेला आणि पात्याच्या मुळाला हात लावू नये. फरक अगदी कमी असेल, तर हलक्या पात्यावर लॅकरचा हलका फवारा पुरतो. कार्बन फायबर असेल, तर पेपर ओला करून आणि मास्क लावूनच घासावे. चीर गेलेला प्रोपेलर तोलण्याच्या भानगडीत न पडता मोडून टाकावा.

लाकडाचे दुखणे आपल्या हवेचे आहे. घासल्याने उघडे पडलेले लाकूड, विशेषतः टोकाकडचे, दमट हवेतले पाणी ओढते आणि दोन्ही पाती ते सारख्या प्रमाणात ओढत नाहीत. म्हणून घासून झाल्यावर पॉलियुरेथेन व्हार्निशचे पातळ हात द्यावेत, ते पूर्ण वाळल्यावरच अखेरचा तोल पाहावा आणि उरलेला फरक हलक्या पात्यावर आणखी एक हात देऊन भरून काढावा. पावसाळ्यात प्रोपेलर खिळ्याला उभे टांगू नयेत. मोठ्या विमानांचे लाकडी प्रोपेलरही उभे न ठेवता आडवे ठेवतात, कारण उभ्या स्थितीत ओलावा खालच्या पात्याकडे उतरतो. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ते आडवे ठेवा आणि दिवाळीनंतर पहिल्या उड्डाणाआधी पुन्हा तपासा.

लेथवाला_मालवण

एक राहिले. मुलाम्याला टवका उडालेले निओडिमियम खाऱ्या हवेत फुगते आणि त्याची भुकटी होते. काच चिकटवण्यापूर्वी चुंबकाच्या कडांनाही इपॉक्सीचा हात द्या आणि दांडीला काम झाल्यावर शिलाई मशीनचे तेल लावून ठेवा. वापरताना टोके मात्र कोरडी करून घ्यावीत.