'लीव्ह अँड लायसन्स'ला मराठीत काय म्हणावे?

मुलुंडकरीण :
आमच्या गृहनिर्माण संस्थेतील जे सभासद आपली सदनिका दुसऱ्याला राहायला देतात, त्यांच्यासाठी समितीने एक सूचनापत्र काढायचे ठरवले आणि त्याचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. कोणीतरी मूळ इंग्रजी मसुदा आधीच यंत्राकडून भाषांतरित करून घेतला होता व त्यात 'लीव्ह अँड लायसन्स करारा'चे 'रजा आणि परवाना करार' असे छापून आले होते, त्यावर समितीची हसून पुरेवाट झाली. मी 'अनुमती व अनुज्ञप्ती करार' असे सुचवले, तेव्हा खजिनदार म्हणाले की हे शब्द वाचून एकही सभासद दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचणार नाही. शिवाय 'बिनभोगवटा शुल्क' (सभासद स्वतः राहत नसल्यास संस्था आकारते ते) हा अवघड शब्द त्याच पत्रात आहेच. राहायला येणाऱ्या माणसाला 'भाडेकरू' म्हणावे की नाही, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

निवृत्त शिरस्तेदार :
'भाडेकरू' हा शब्द कटाक्षाने टाळावा, एवढे प्रथम सांगतो. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स ही नुसती मुभा असते आणि तिच्यामुळे घेणाऱ्याचा त्या जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, तर भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्कच त्याच्याकडे जातो. मुंबईला हा भेद महागात पडलेला आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला बाहेर काढणे दुरापास्त झाले, म्हणून मालकांनी करारातून 'भाडे' हा शब्दच हद्दपार केला व त्या रकमेला 'नुकसानभरपाई' म्हणायला सुरुवात केली. पुढे १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे कोणी राहत होते, ते कायद्याने भाडेकरू मानले गेले. 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे (डीम्ड कन्व्हेयन्स) 'मानीव', म्हणजे कायद्याने तसे धरलेला, हा शब्द आता सगळ्यांना ठाऊक झाला आहे; हे त्या अर्थाने मानीव भाडेकरू होते. कागदावर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय आहे, यावर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात माणसांच्या हयाती गेल्या आहेत. सध्याच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, पण ती 'लायसन्सी'कडून, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याकडून, भाडेकरूकडून नव्हे.

शब्दवेडा :
शिरस्तेदारसाहेबांनी कायदा सांगितला, मी शब्दाकडे वळतो. समितीने हसण्याची घाई केली, असे मला वाटते. 'रजा' हा शब्द अरबी 'रिझा'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ संमती किंवा परवानगी असा आहे, आणि मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तो अर्थ दिलेला आहे. 'आता आपली रजा घेतो' असे म्हणताना आपण सुट्टी मागत नसतो, निघण्याची परवानगी मागत असतो. कचेरीतली रजा म्हणजे तरी काय, तर कामावर न येण्याची परवानगी. गंमत अशी की इंग्रजी 'लीव्ह' हा शब्दही परवानगीवरून सुट्टीपर्यंत नेमक्या याच वाटेने गेला. तेव्हा यंत्राने न कळता का होईना, अगदी नेमका शब्द उचलला. 'राजी' आणि 'राजीनामा' याच कुळातले. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा राजीनामा देई व ती घेणारा कबुलायत लिहून देई.

भुलेश्वरचा शेजारी :
याला दुजोरा देतो. आमच्या इमारतीत निम्मी वस्ती गुजराती आहे आणि त्यांच्या बोलण्यात 'रजा' परवानगीच्या अर्थाने सहज येते. अहमदाबादला बांधकामाच्या परवानगीला रजाचिठ्ठीच म्हणतात.

अनुज्ञा :
व्युत्पत्ती खरी असली तरी आज जो अर्थ वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो तोच खरा अर्थ, आणि तो सुट्टी हा आहे. पण म्हणून इंग्रजी शब्द जसाच्या तसा देवनागरीत उतरवावा, हेही मला पटत नाही. 'अनुज्ञप्ती'ला सगळे हसतात, परंतु परिवहन कार्यालयाने तो शब्द किती नेटका वापरला आहे ते पाहा. वाहन चालवणाऱ्या माणसाला मिळते ती अनुज्ञप्ती आणि रिक्षाला मिळतो तो परवाना. 'परवाना करार' म्हटले की हा भेद पुसला जातो. शब्द अवघड नसतात, अपरिचित असतात. 'महापौर' आणि 'दिनांक' हेही एके काळी अपरिचितच होते.

बोरीवलीचा भाडेकरू :
शिकाऊ अनुज्ञप्ती काढायला गेलेला माणूस घरी येऊन 'लर्निंग लायसन काढलं' असेच सांगतो, हे अनुज्ञाताईंना ठाऊक नाही काय? मी स्वतः असल्या करारांवर राहतो. दलाल 'लिव्ह-लायसन' म्हणतो, मालक 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात आणि जिन्यातले शेजारी मला 'वरचे भाडेकरू' म्हणतात. त्यांपैकी एकाच्याही बोलण्यात मुभा, अनुमती किंवा रजा नसते. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जाते ते भाडेच असते, त्याला नुकसानभरपाई म्हणायचे तर नुकसान नेमके कोणाचे झाले तेही सांगा. ११ महिन्यांचा हट्टही आता नुसती सवय उरला आहे. वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती म्हणून ती मुदत रूढ झाली, पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो, असे सांगितले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. सूचनापत्रात शब्दांचा घोळ घालण्यापेक्षा हे ठळक छापा.

निवृत्त शिरस्तेदार :
ग्राह्य धरले जाते हे खरे, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. आणि शेजारी काय म्हणतात त्यावर न्यायालय निकाल देत नाही.

गिरगावकर :
खरा भाडेकरू पाहायचा असेल तर आमच्या चाळीत या. इथे भाडेपावतीवर ज्याचे नाव, तो भाडेकरू. बाकी सगळे पाहुणे. पागडी, म्हणजे खोली देताना भाड्याखेरीज घेतलेली एकरकमी रक्कम, घेणे हा जुन्या कायद्याने गुन्हा होता, तरी प्रत्येक खोलीचा पागडीचा आकडा सगळ्या चाळीला तोंडपाठ असे, आणि १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने अखेर तिला उघडपणे मान्यता दिली. डोक्यावरची पागडी म्हणजे इज्जत, ती मालकाच्या पायावर ठेवायची म्हणून हे नाव पडले, असे आमचे आजोबा सांगत. ते मात्र 'भाडेकरू' कधीच म्हणत नसत, त्यांचा शब्द 'भाडोत्री'. मुलुंडकरणीने तोच वापरावा, सोपा आहे.

अनुज्ञा :
भाडोत्री मारेकरी, भाडोत्री सैनिक, भाडोत्री गर्दी! पैसे घेऊन दुसऱ्याचे काम करणारा तो भाडोत्री. स्वतः पैसे मोजून राहणाऱ्याला हा शब्द लावणे अन्यायाचे आहे.

भुलेश्वरचा शेजारी :
गुजरातीतही असाच भेद आहे. घरात राहणारा तो 'भाडुआत' आणि पैशासाठी लढणारा तो 'भाडूती'.

गिरगावकर :
गुजरातीत असेल. मराठीत भाड्याने येऊन उतरलेला तो भाडोत्री, इतकी सरळ व्युत्पत्ती आहे.

शब्दवेडा :
'भाडे' संस्कृत 'भाटक'वरून आले, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. त्यापुढे 'उतरणे' जोडायला आधार कोणता? कानाला जुळते म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही.

मुलुंडकरीण :
सूचनापत्र रविवारी फलकावर लावायचे आहे. कोणता शब्द घालू?

गिरगावकर :
आधार आमच्या आजोबांचा. ते १९४७ च्या कायद्याच्या आधीपासून भाडोत्री होते, आणि त्यांना तो शब्द कधी टोचला नाही.