मुलांना दारात अडवू नका, समजावून सांगा

"लहान मुलं एकटी आली तर दारातूनच परत पाठवा" असं पाळीव प्राण्यांच्या दुकानांबद्दल कुणी कुणी म्हणतं, ते मत मला पटत नाही. मी रत्नागिरीत पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करतो. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की "जरा थांब हां इथे, आम्ही बाजार करून येतो" म्हणत मुलांना आमच्याकडे सोडून जातात. राग पालकांचा यावा, पोरांचा कशाला?

सगळ्यात जास्त त्रास माशांना होतो. काचेवरची टकटक आपल्याला किरकोळ वाटते, पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि माशांना अंगाच्या कडेच्या रेषेतून पाण्याची बारीक हालचालही कळते. ते सैरावैरा पळतात, दगडांवर आपटतात. हे नीट सांगितलं की तेच मूल पुढच्या पोराला अडवतं. "ए बाबू, हात लावू नको" एवढ्याने काही होत नाही.

सशाबाबत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. त्याचा कणा नाजूक असतो. चुकीचा उचलला आणि त्याने मागचे पाय जोरात झाडले तर पाठ मोडू शकते. म्हणून मुलाने जमिनीवर बसायचं, ससा मांडीवर मीच ठेवणार. कासवाला हात लागला तर साबणाने धुवायचा, त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

आणि मूल अगदीच लहान असेल तर पालकांना सरळ सांगा, कुणीतरी सोबत थांबा. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.